उत्तराचे शीर्ष आणि पत्राचा मायना : मराठी ई-मेलमधील लिपिबिघाडाचा इतिहास व साधनचिकित्सा

सारांश

ई-मेलला उत्तर देताना मूळ पत्रलेखकाचे नाव, दिनांक व विषय उत्तराच्या शीर्षात आपोआप उतरतात. हा मजकूर देवनागरीत असेल तर तो अनेकदा प्रश्नचिन्हे, चौकटी वा अनाकलनीय रोमन चिन्हे यांच्या रूपात दिसतो. हा दोष केवळ तांत्रिक गैरसोय म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पत्राचा कर्ता, प्राप्तकर्ता व काळ ज्या ओळींवरून ठरतो त्याच ओळी येथे बिघडतात. प्रस्तुत शोधनिबंधात या बिघाडाची ऐतिहासिक कारणे शोधली असून, मराठेकालीन पत्रांच्या चिकित्सेत वापरली जाणारी अस्सल व नक्कल यांची कसोटी त्याच्या निदानाला कशी उपयोगी पडते हे दाखविले आहे.

बीजसंज्ञा : मायना, पैवस्ती, ई-मेल शीर्ष, युनिकोड, देवनागरी, साधनचिकित्सा, अभिलेख

१. प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासलेखनात अस्सल पत्राला जे स्थान आहे ते बखरीला किंवा पोवाड्याला नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा होता. तेव्हापासून समकालीन पत्र हा या प्रांतातील इतिहाससंशोधनाचा कणा बनला. तथापि पत्राची किंमत केवळ त्यातील मजकुरावर अवलंबून नसते. ते कोणी, कोणास व केव्हा लिहिले हे ठरत नाही तोपर्यंत उत्तमातील उत्तम मजकूरही संशोधकाच्या उपयोगी पडत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढील पंधरा-वीस वर्षांत विद्यापीठे, महाविद्यालये व शासकीय कार्यालये यांच्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग कागदावरून ई-मेलवर आला. मौद्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाचा इतिहास उद्या कोणी लिहू लागला, तर मान्यतेचे प्रस्ताव, प्राध्यापकांच्या नेमणुका, परीक्षाविषयक सूचना यांची साधने त्याला बस्त्यांपेक्षा ई-मेलच्या साठ्यातच अधिक सापडतील. त्या साठ्यातील मराठी पत्रांचे मायने वाचता येण्याच्या स्थितीत आहेत काय, हा या निबंधाचा मूळ प्रश्न होय.

या अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) मराठेकालीन पत्राचा मायना व ई-मेलचे शीर्ष यांतील कार्यसाम्य तपासणे.
२) देवनागरी शीर्षातील बिघाडाची ऐतिहासिक कारणे शोधणे.
३) बिघाडाच्या लक्षणांवरून त्याचे निदान करण्याची पद्धत मांडणे.
४) अभिलेखजतनाच्या दृष्टीने त्यातून निघणारे निष्कर्ष नोंदविणे.

२. मायना, मिती आणि पैवस्ती

मराठेकालीन पत्राच्या आरंभी येणारा मायना हा निव्वळ शिष्टाचार नव्हता. ज्याला पत्र लिहावयाचे त्याच्या दर्जानुसार विशेषणे बदलत. त्यामुळे मायन्यावरून उभयतांचे परस्परसंबंध कळतात. मितीसाठी चांद्रमासाचा दिवस 'छ' या अक्षरापुढे नोंदवीत व वर्ष अनेकदा शुहूर सनात, अरबी संख्याशब्दांनी लिहीत. उदाहरणार्थ, 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१. शुहूर सनाचे वर्ष मृग नक्षत्री सूर्य येतो तेव्हा सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले की इसवी सन येतो. त्यानुसार जानेवारीत हे वर्ष १७६१ येते. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेले पानिपतचे युद्ध याच शुहूर वर्षात पडते.

येथे नक्कलकाराच्या हातून होणाऱ्या एका लहानशा चुकीचे परिणाम लक्षात घेण्याजोगे आहेत. 'सितैन' म्हणजे साठ आणि 'तिसैन' म्हणजे नव्वद. दोन अक्षरांची अदलाबदल झाली की पत्र तीस वर्षांनी पुढे सरकते. मजकूर जसाच्या तसा राहतो. मात्र पत्र एका पिढीचे सोडून दुसऱ्या पिढीचे होते. मोडी लिपीमुळे ही अडचण वाढते. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा पाळला जात नाही आणि शब्दही तोडून लिहिले जात नाहीत. बालबोधात उतरविताना नक्कलकाराला जे मुळात नाही ते स्वतःच्या समजुतीने भरावे लागते. लिप्यंतर करणारा प्रत्येक हात काही मिळवितो व काही गमावतो, हे सूत्र पुढील विवेचनातही उपयोगी पडेल.

आणखी दोन प्रथांचा निर्देश आवश्यक आहे. पहिली पैवस्तीची. पत्र पोहोचल्यावर ते केव्हा आले याची नोंद प्राप्तकर्त्याच्या दफ्तरात त्याच पत्रावर होई. लिहिल्याची मिती व पोहोचल्याची मिती अशा दोन्ही मिळाल्या म्हणजे बातमी किती दिवसांत पोहोचली हेही कळते. दुसरी प्रथा उत्तराची. उत्तर लिहिताना आरंभीच अमुक मितीचे आपले पत्र आले, त्यातील वर्तमान कळले, असे नमूद करून मूळ पत्राचा गोषवारा देण्याची रीत होती. मूळ पत्र गहाळ झाले असले तरी या गोषवाऱ्यामुळे त्याचे अस्तित्व, काळ व आशय यांचा माग लागतो. आजच्या शासकीय पत्रातील 'विषय' व 'संदर्भ' या ओळी याच रीतीच्या वंशज होत.

३. ई-मेलच्या शीर्षाची घडण

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत पहिले पत्र पाठविले. अशा पत्रांचे शीर्ष कसे असावे याचे दीर्घकाळ टिकलेले मानक ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२२ या नावाने डेव्हिड क्रॉकर यांनी तयार केले. त्यात प्रेषक, प्राप्तकर्ता, दिनांक, विषय यांच्या ओळी निश्चित झाल्या. हे पत्र कोणत्या पत्राचे उत्तर आहे हे सांगणारी ओळही त्यात होती. वाटेतील प्रत्येक यंत्र आपल्या हातून पत्र केव्हा गेले याची नोंद शीर्षाच्या वरच्या बाजूस वाढवीत जाते. ही नोंद म्हणजे आधुनिक पैवस्तीच होय. फरक एवढाच, की येथे प्रत्येक टप्प्यावर एक पैवस्ती पडते. विषयाच्या ओळीत उत्तरापूर्वी येणारे 'रे' हे अक्षरद्वयही इंग्रजी 'रिप्लाय'चे लघुरूप नसून, 'अमुक बाबीसंबंधी' या अर्थाच्या लॅटिन प्रयोगातून आले आहे. म्हणजे ते आपल्या 'विषय'चेच भावंड आहे.

या मानकात एक मर्यादा होती. शीर्षातील सर्व अक्षरे आस्की या १२८ चिन्हांच्या अमेरिकन वर्णसंचातलीच असणे अपेक्षित होते. मराठीच नव्हे, तर फ्रेंच वा जर्मन नावेही त्यात पूर्णपणे लिहिता येत नव्हती. जून १९९२ मध्ये माइम हे विस्तारित मानक आले आणि पत्राच्या मजकुरासोबत तो कोणत्या वर्णसंचात आहे याचा दाखला जोडता येऊ लागला. परंतु हा दाखला मजकुरापुरता होता. शीर्षातील ओळी त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या.

शीर्षासाठी कीथ मूर यांनी वेगळा उपाय सुचविला. तो १९९२ मध्ये प्रथम मांडला गेला व नोव्हेंबर १९९६ च्या आरएफसी २०४७ मध्ये त्याला स्थिर रूप आले. आस्कीबाहेरील मजकूर प्रत्येक वेळी स्वतःचा दाखला बरोबर घेऊन चालेल अशी ती योजना होती. बरोबरीचे चिन्ह व प्रश्नचिन्ह यांनी सुरू होणारा एक सांकेतिक शब्द तयार करावयाचा. त्यात आधी वर्णसंचाचे नाव, मग सांकेतीकरणाची पद्धत आणि शेवटी रोमन अक्षरे व अंक यांच्या वेशातला मूळ मजकूर. हा सांकेतिक शब्द ७५ चिन्हांहून मोठा असू नये असे बंधन घालण्यात आले.

या बंधनाचा मराठीवर होणारा परिणाम हिशेब केल्यास स्पष्ट होतो. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी आखलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. शीर्षासाठी सहसा वापरली जाणारी पद्धत तीन बाइटांची चार रोमन चिन्हे करते. वर्णसंचाचे नाव व सीमाचिन्हे यांत १२ जागा गेल्यावर ६३ उरतात. म्हणजे एका सांकेतिक शब्दात जास्तीत जास्त १५ देवनागरी चिन्हे मावतात. येथे काना, मात्रा व हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'मौदा' या दोन अक्षरी शब्दात संगणक म, औची मात्रा, द व काना अशी चार चिन्हे मोजतो. 'प्राचार्य' या शब्दात नऊ. तेव्हा कोणताही सामान्य मराठी विषय एका सांकेतिक शब्दात मावत नाही. तो दोन-तीन तुकड्यांत तोडावा लागतो व वाचताना पुन्हा जोडावा लागतो. तुकडा अक्षराच्या मध्ये पाडू नये असा स्पष्ट नियम आहे. तो न पाळणारी सॉफ्टवेअरे मात्र वापरात होती.

४. महाराष्ट्रातील संगणकीय देवनागरी

जगात शीर्षाची ही घडण चालू असताना भारतीय लिप्यांचे संगणकीकरण स्वतंत्र मार्गाने चालले होते. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञानाचे काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये पुढे गेले. याच परंपरेतून इस्की हा भारतीय वर्णसंच आला व १९९१ मध्ये त्याला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली होती.

प्रत्यक्ष कार्यालयांत मात्र इस्की वा युनिकोडपेक्षा फॉन्टचे राज्य राहिले. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी इत्यादी फॉन्टांनी टंकलेखकांची व मुद्रकांची सोय केली, हे मान्यच केले पाहिजे. मराठी प्रकाशनव्यवसाय संगणकावर आला तो त्यांच्या आधारे. पण त्यांत संगणकाच्या स्मृतीत साठत ती रोमन अक्षरेच. त्यांना देवनागरी आकार देण्याचे काम फॉन्ट करी. कागदावर छापताना यात काही बिघडत नसे. ई-मेलच्या मजकुरातही फॉन्टचे नाव सोबत पाठवता येई व समोरच्या संगणकावर तोच फॉन्ट असल्यास पत्र वाचता येई. शीर्षात मात्र फॉन्ट सांगण्याची कोणतीही सोय नव्हती व नाही. परिणामी आत सुरेख मराठी आणि विषयाच्या ओळीत अर्थहीन रोमन अक्षरांची रांग, असे पत्र तयार होई. यावर बहुतेकांनी काढलेला तोडगा म्हणजे विषय व नाव इंग्रजीत लिहिणे. मराठी पत्राला इंग्रजी मायना देण्याची सवय अशी तांत्रिक अपरिहार्यतेतून पडली आणि अपरिहार्यता सरल्यावरही टिकली.

रोमन मायन्याची किंमतही द्यावी लागते. 'मौदा' हे नाव रोमन लिपीत कोणी 'एयू' वापरून लिहितात, कोणी 'ओयू' वापरून. तालुक्याच्या नावात पहिले रूप आढळते, तर येथील राष्ट्रीय औष्णिक विद्युत निगमाच्या प्रकल्पाच्या नावात दुसरे. एका रूपाने शोध घेणाऱ्याला दुसऱ्या रूपाची पत्रे सापडत नाहीत. देवनागरीत हे नाव एकाच प्रकारे लिहिले जाते.

फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आलेल्या विंडोज २००० या प्रणालीत देवनागरी युनिकोड व 'मंगल' हा फॉन्ट होता. 'मंगल'ची अक्षररचना कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांची. यानंतर हळूहळू युनिकोडचा प्रसार झाला. मात्र स्थित्यंतराच्या या काळात एकाच पत्रव्यवहारात फॉन्टाधारित मजकूर, युनिकोड मजकूर व पाश्चात्त्य वर्णसंच गृहीत धरणारे सॉफ्टवेअर एकत्र आले. उत्तराच्या शीर्षातील बहुतेक बिघाड या मिश्रणातून निर्माण झाले.

५. उत्तराच्या शीर्षातील बिघाड : लक्षणे व निदान

उत्तर देण्याची आज्ञा दिली की सॉफ्टवेअर मूळ प्रेषकाचे नाव दोन ठिकाणी नेते. एक, नव्या पत्राच्या प्राप्तकर्त्याच्या ओळीत; दोन, 'अमुक दिवशी अमुक यांनी लिहिले' या अर्थाच्या, मजकुराच्या वर येणाऱ्या ओळीत. काही सॉफ्टवेअरे या एका ओळीऐवजी प्रेषक, दिनांक, प्राप्तकर्ता, विषय अशा चार ओळी उतरवितात. वरवर पाहता नाव तेच. पण त्याचे दोन प्रवास भिन्न आहेत. पहिले शीर्षाच्या नियमांनी जाते, दुसरे मजकुराचा भाग बनते व मजकुराच्या वर्णसंचाला बांधले जाते. म्हणूनच यादीत नाव शुद्ध दिसत असताना खालच्या ओळीत ते बिघडलेले असू शकते. निदानाची पहिली पायरी या दोन नावांची तुलना ही होय. दोन्ही ठिकाणी बिघाड असेल तर तो बहुधा मूळ पत्रातच आहे. केवळ खालच्या ओळीत असेल तर तो उत्तर देणाऱ्याच्या सॉफ्टवेअरने निर्माण केला आहे.

दुसरी पायरी लक्षणांचे वर्गीकरण. त्यात पुढील प्रकार आढळतात.

(अ) रिकाम्या चौकटी : अक्षरे सुरक्षित आहेत, ती दाखविण्यासाठी योग्य फॉन्ट नाही. हा निव्वळ वाचनाचा दोष. फॉन्ट बसविताच तो नाहीसा होतो.

(आ) बरोबरीचे चिन्ह व प्रश्नचिन्ह यांनी सुरू होणारी रोमन रांग : हा न उलगडलेला सांकेतिक शब्द होय. सॉफ्टवेअरने तो तसाच उतरवून घेतला. त्यातील वर्णसंचाचे नाव शाबूत असल्याने मूळ मजकूर पूर्णपणे परत मिळतो.

(इ) काळ्या चौकोनातील प्रश्नचिन्ह, तेही ओळीच्या मध्येच : सांकेतिक शब्दाचा तुकडा अक्षराच्या पोटात पाडला गेला. सलग देवनागरी चिन्हे असतील तर ४५ बाइटांचा तुकडा अक्षराच्या सीमेवरच पडतो. परंतु शब्दांमधील मोकळी जागा एकाच बाइटची असल्याने सीमा सरकते आणि पुढचे अक्षर दुभंगते. तुकडे आधी जोडून मग उलगडल्यास मजकूर पूर्ववत होतो.

(ई) उलट्या स्वराघाताचा रोमन 'ए' आणि त्यामागोमाग चलनाची चिन्हे यांची माळ : यूटीएफ-८ मजकूर पाश्चात्त्य वर्णसंच समजून वाचला गेला. प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट तीन स्वतंत्र चिन्हे म्हणून दिसतात. 'मौदा'ची चार चिन्हे बारा होतात. यात एक उपयुक्त नियम दडलेला आहे. स्वर, व्यंजने, काना व ऱ्हस्व वेलांटी यांच्या दुसऱ्या बाइटच्या जागी सर्वसाधारण चलनचिन्ह येते. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त व देवनागरी अंक यांच्या बाबतीत जपानी येनचे चिन्ह येते. 'मौदा'त म्हणूनच चलनचिन्ह, येन, चलनचिन्ह, चलनचिन्ह असा क्रम दिसतो. हा क्रम ओळखता आला की मूळ शब्दाचा सांगाडा उघड्या डोळ्यांनीही कळू लागतो.

या प्रकारात दोन धोके आहेत. पहिला पुनरावृत्तीचा. बिघडलेले रूपच खरे समजून पुढील उत्तराने ते पुन्हा सांकेतिक केले व पुन्हा चुकीचे वाचले, तर बाराची चोवीस व तिसऱ्या वेळी एकोणपन्नास चिन्हे होतात. बिघाडाच्या लांबीवरून पत्र किती हातांतून गेले याचा अंदाज बांधता येतो. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. विंडोजच्या पाश्चात्त्य वर्णसंचात पाच जागा मोकळ्या ठेवलेल्या आहेत. ऱ्हस्व उकार व हलन्त यांचा तिसरा बाइट नेमका अशा मोकळ्या जागेत पडतो. काही सॉफ्टवेअरे तो अदृश्य चिन्ह म्हणून जपतात, काही त्याजागी प्रश्नचिन्ह घालतात. दुसऱ्या प्रसंगी 'कुलगुरू' या शब्दातील दोन उकार आणि 'मुख्य' या शब्दातील उकार व हलन्त दोन्ही जातात. येनच्या चिन्हापुढे प्रश्नचिन्ह दिसले तर मराठीत तेथे ऱ्हस्व उकार किंवा हलन्त असण्याचीच शक्यता बहुतांशी असते. दोहोंपैकी कोणता, हे अर्थावरून ठरवावे लागते. जीर्ण कागदावरील गळालेले अक्षर संशोधक कंसात भरतो, तशीच ही पूर्ती आहे. ती पूर्ती म्हणूनच नोंदविली पाहिजे.

(उ) नुसत्या प्रश्नचिन्हांची रांग : उत्तराचा मजकूर ज्या वर्णसंचात लिहिला त्यात देवनागरीला जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले गेले. येथे मूळ बाइट उरलेलेच नसतात. चार प्रश्नचिन्हे 'मौदा'ची की चार चिन्हांच्या दुसऱ्या कोणत्या नावाची, हे त्या पत्रावरून कधीही सांगता येणार नाही.

या पाच प्रकारांत इतिहासाच्या दृष्टीने एकच सीमारेषा महत्त्वाची आहे. पहिल्या तिन्हींत व चौथ्याच्या सौम्य रूपात दोष वाचनाचा आहे. साधन शाबूत असून वाचकाला लिपी उमगलेली नाही. पाचव्यात व चौथ्याच्या तीव्र रूपात दोष नकलेचा आहे. नक्कल करतानाच साधन नष्ट झाले. पडद्यावर दोन्ही सारखेच निरर्थक दिसतात, म्हणून पडद्यावरून निर्णय देऊ नये. पत्राचे मूळ रूप पाहण्याची सोय जीमेल, थंडरबर्ड यांसारख्या सेवांत व सॉफ्टवेअरांत आहे. ते रूप उघडून बाइट शिल्लक आहेत काय हे तपासणे, हीच निदानाची निर्णायक पायरी होय.

६. दिनांक आणि विभक्ती

लिपी शुद्ध असली तरी उत्तराच्या ओळीतील दिनांक चिकित्सेवाचून स्वीकारता येत नाही. मूळ शीर्षातील दिनांकासोबत स्थानिक वेळेचा फरक नोंदलेला असतो. भारतासाठी तो साडेपाच तासांचा. उत्तराच्या ओळीत उतरताना ही वेळ बहुधा उत्तर देणाऱ्याच्या घड्याळानुसार बदलते व फरकाची नोंद गळून पडते. अमेरिकेतील मराठी मनुष्याने उत्तर दिले तर नागपूर जिल्ह्यातून सकाळी गेलेले पत्र त्याच्या ओळीत आदल्या दिवशीचे ठरू शकते. हिजरी दिवस सूर्यास्तापासून मोजला जात असल्याने 'छ' मितीचे इसवी दिनांकात रूपांतर करताना एका दिवसाचा फरक संशोधक गृहीत धरतात, त्याच जातीची ही अडचण आहे. ०५/०६/२००७ अशी नोंद जूनची की मेची, हा संशयही उत्तराच्या ओळीपुरताच असतो. मूळ शीर्षात महिन्याचे नाव असते.

आणखी एक दोष भाषेचा आहे. 'अमुक यांनी लिहिले' ही ओळ इंग्रजी साच्यातून आली. इंग्रजीत नाव तसेच ठेवून पुढे क्रियापद येते. मराठीत कर्त्याला प्रत्यय लागतो, त्यापूर्वी सामान्यरूप होते व आदराची योजना वेगळीच असते. सॉफ्टवेअर नाव आहे तसे ठेवून प्रत्यय अलग चिकटविते. अर्थ कळतो, परंतु ज्या भाषेत मायन्यावरून माणसाचा दर्जा कळत असे, त्या भाषेत प्राचार्य व विद्यार्थी यांची ओळ एकाच साच्याची होते.

७. अभिलेख म्हणून ई-मेल

हा प्रश्न केवळ भावी इतिहासकाराचा नाही. १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख जपण्याच्या अटी दिल्या आहेत. अभिलेख पुढे पाहता आला पाहिजे, तो मूळ रूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखविणाऱ्या रूपात असला पाहिजे आणि त्याचा उगम, गंतव्य, पाठविल्याचा वा पोहोचल्याचा दिनांक व वेळ ओळखता आली पाहिजे. या तिन्ही अटी एकत्र वाचल्या तर त्या मायना, मिती व पैवस्ती यांचीच मागणी करतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये 'माहिती' या संज्ञेत ई-मेलचा स्पष्ट समावेश आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या ग्राह्यतेसाठी स्वतंत्र कलम आहे.

महाविद्यालयांची रूढ पद्धत मात्र ई-मेलची छापील प्रत काढून ती नस्तीला लावण्याची आहे. छापील प्रत म्हणजे पडद्यावर जे दिसले त्याची नक्कल. पडद्यावर न उलगडलेला सांकेतिक शब्द असेल तर कागदावरही तोच येतो. अदृश्य बाइट, वाटेतील नोंदी व मूळ वेळेचा फरक कागदावर येतच नाहीत. जो दोष केवळ वाचनाचा होता तो छपाईमुळे नकलेचा होतो. त्यानंतर मूळ खाते बंद झाले किंवा साठा पुसला गेला, तर दुरुस्त होण्याजोगे साधन कायमचे नादुरुस्त होते. नस्ती पूर्ण आहे असे दिसते आणि मायना मात्र हरवलेला असतो.

तांत्रिक बाजूने परिस्थिती सुधारली आहे. फेब्रुवारी २०१२ च्या आरएफसी ६५३२ ने शीर्षात यूटीएफ-८ थेट लिहिण्यास मुभा दिली. २०१४ मध्ये '.भारत' हे देवनागरी क्षेत्रनाम मराठीसह अनेक भाषांसाठी उपलब्ध झाले. परंतु नवे मानक जुनी पत्रे दुरुस्त करीत नाही. १९९५ नंतरच्या दीड दशकातील मराठी ई-मेल ज्या अवस्थेत साठले त्याच अवस्थेत आहेत.

८. निष्कर्ष

१) ई-मेलचे शीर्ष व उत्तरातील उद्धृत ओळी ही मराठेकालीन पत्राच्या मायना, मिती, पैवस्ती व गोषवारा यांचीच कार्ये करतात. म्हणून त्यांना साधनचिकित्सेचे तेच निकष लागू होतात.

२) देवनागरी शीर्षातील बिघाडाचे मूळ देवनागरीच्या गुंतागुंतीत नसून, मजकुराला वर्णसंचाचा दाखला मिळाला व शीर्षाला तो मिळाला नाही, या १९८२ ते १९९६ मधील घडामोडीत आहे. फॉन्टाधारित मराठीने त्यात भर घातली.

३) वाचनाचा दोष व नकलेचा दोष यांत भेद करणे हे निदानाचे मुख्य सूत्र होय. पहिला दुरुस्त होतो, दुसरा होत नाही.

४) उत्तरामधील उद्धृत ओळ ही नक्कल आहे. मूळ पत्र उपलब्ध असता नाव व दिनांक यांसाठी तिचा आधार घेऊ नये. मूळ पत्र नसता घेतल्यास तसे नमूद करावे.

५) महाविद्यालयांनी मराठी ई-मेल छापील प्रतीसोबत मूळ स्वरूपातील फाइल म्हणून जतन करावेत, खाते बदलण्यापूर्वी जुना साठा उतरवून घ्यावा आणि नव्या पत्रांचा विषय निःसंकोचपणे देवनागरीत लिहावा. यासाठी वेगळ्या खर्चाची गरज नाही. कार्यालयातील एका व्यक्तीवर ही जबाबदारी सोपविणे पुरेसे आहे.

राजवाडे व त्यांच्या पिढीने गावोगाव फिरून दफ्तरे जमविली तेव्हा कित्येक कागद वाळवीने व पावसाने गेलेले होते. आपल्या पिढीच्या पत्रांना वाळवी लागत नाही. ती जातात ती छापील नकलेवर समाधान मानून मूळ पुसल्यामुळे, आणि ते थांबविणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.